मध्यरात्रीचे विमान की मध्यरात्रीची गाडी? एका सोल गाण्याचे मूळ आणि त्याची नंतरची रूपे

प्रश्न : तापीकाठची (अमळनेर)

नमस्कार मंडळी. 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया' या सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या धाटणीच्या, गाण्याविषयी जाणकारांकडून काही समजून घ्यायचे आहे. प्रश्न नीट कळावा म्हणून थोडी घरची हकीकत आधी सांगते.

माझा मोठा भाऊ नाटकात नाव काढायचे म्हणून मुंबईला गेला होता. सहा वर्षे त्याने तिथे काढली. दोन-चार मालिकांत गर्दीत उभे राहण्याची कामे मिळाली, एका नाटकाच्या तीन महिने तालमी झाल्या आणि पैसे बुडाले. शेवटी मोटारसायकल विकून त्याने खोलीचे थकलेले भाडे चुकते केले आणि पौषातल्या एका रात्री तो जळगावच्या फलाटावर उतरला. त्याच्यामागून वहिनी उतरली. तिचा जन्म डोंबिवलीचा, नोकरी ठाण्याला, माहेरची सगळी माणसे तिकडचीच. खान्देशात ये असे तिला कोणी म्हटलेही नव्हते. मी तेव्हा बारावीत होते आणि वडिलांबरोबर त्यांना घ्यायला गेले होते. वहिनी फलाटावरच्या बाकावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा पिनेने जोडत होती आणि भाऊ एक अक्षरही न बोलता तिच्या शेजारी उभा होता, हे मला आजही जसेच्या तसे दिसते. घरी पोहोचलो तेव्हा आईने दारातच तिला अहिराणीत विचारले, "इतल्या रातले काय खाशी व माय?" वहिनीला त्यातले 'माय' तेवढे कळले, आणि ती रडली.

येत्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे होतील. मी हौशी गाणारी आहे. हे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मोठ्या शहरात हरलेला पुरुष रात्रीच्या गाडीने गावाकडे निघाला आहे आणि त्याची बाई त्याच्याबरोबर जायचे ठरवते आहे, एवढा अर्थ लागला आणि पुढचे ऐकवेना. घरच्या कार्यक्रमात ते गावे असे मनात आहे. परंतु शोधायला गेले तर गोंधळच झाला. ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांचे गाणे सर्वांना ठाऊक आहे. सिसी ह्यूस्टन या गायिकेचे त्याच्याही आधीचे असल्याचे वाचले. नील डायमंड यांचेही एक सापडले. आणि एके ठिकाणी तर गाण्याचे नावच 'मिडनाइट प्लेन टू ह्यूस्टन' असे दिलेले होते. यातले मूळ कोणते मानायचे, विमानाची गाडी कोणी आणि का केली, आणि माझ्यासारखीने शिकताना कोणाचे गाणे समोर ठेवावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : सातपुडा पायथा (यावल)

ताई, आपण वाचलेली सगळी नावे खरी आहेत. नील डायमंड यांचे पुष्कळ नंतरचे गाणे सोडले तर ती एकाच गाण्याच्या पाठोपाठच्या अवस्था आहेत, आणि हा सगळा प्रवास दोन-तीन वर्षांच्या आत झालेला असल्यामुळे याद्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. या गाण्याच्या तबकड्या मी बरीच वर्षे जमवत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गाणे लिहिले जिम वेदरली यांनी. ते मिसिसिपी राज्यातले. विद्यापीठात असताना अमेरिकन फुटबॉलचे चांगले खेळाडू होते, परंतु पुढे खेळाऐवजी गाणी लिहिण्यासाठी ते लॉस एंजेलिसला गेले. तिथे हौशी संघात त्यांच्याबरोबर ली मेजर्स हे अभिनेते खेळत असत. एकदा वेदरली यांनी मेजर्स यांच्याकडे फोन केला तो अभिनेत्री फॅरा फॉसेट यांनी घेतला. त्या तेव्हा प्रसिद्ध व्हायच्या होत्या आणि मेजर्स यांच्याशी त्यांची नुकतीच ओळख वाढत होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या की मी सामान बांधते आहे, मध्यरात्रीच्या विमानाने टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरी घरच्यांकडे निघाले आहे. ते शब्द वेदरली यांच्या मनात रुतले. मध्यरात्री कोणी हे शहर का सोडेल, असा विचार करता करता त्यांना नट होण्यासाठी आलेला आणि पदरी काही न पडलेला माणूस सुचला, आणि त्याच्यामागे निघालेली बाईही. गाणे त्यांनी कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताच्या, धाटणीचे म्हणून लिहिले आणि आपल्या तबकडीवर स्वतःच्या आवाजात गायले. आपण वाचलेले 'मिडनाइट प्लेन टू ह्यूस्टन' ते हेच.

तिथून ते गाणे जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाला सॉनी लिम्बो या निर्मात्याकडे गेले. त्यांना ते सिसी ह्यूस्टन यांच्याकडून गाऊन घ्यायचे होते. वेदरली यांच्या सांगण्यानुसार लिम्बो यांनी विचारले की नाव बदलून 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया' केले तर चालेल का, आणि वेदरली यांनी उत्तर दिले की खुशाल बदला, फक्त बाकीच्या गाण्याला हात लावू नका. सिसी ह्यूस्टन यांनी मात्र वेगळे सांगितले आहे. आपली माणसे मूळची जॉर्जियाची, ती ह्यूस्टनलाच काय, कुठेही विमानाने जात नसत, गाडीने जात. म्हणून हा बदल, असे त्यांचे म्हणणे. मला या दोन सांगण्यांत विरोध दिसत नाही. निर्मात्याने विचारले असेल आणि गायिकेला मनापासून तेच हवे असेल. सिसी यांचे गाणे १९७३ मध्ये जेनस या कंपनीने काढले. ते फार चालले नाही.

त्याच वर्षी वेदरली यांच्या प्रकाशकाने हे गाणे ग्लॅडिस नाइट यांच्याकडे पाठवले. वेदरली यांचे दुसरे एक गाणे गाऊन त्यांना नुकतेच मोठे यश मिळालेले होते, त्यामुळे ओळख जुनी होती. त्या आणि त्यांचे साथीदार पिप्स मोटाउन ही नामांकित तबकडी कंपनी सोडून बुद्धा या कंपनीकडे नुकतेच आले होते. त्यांनी सिसी यांच्या गाण्याचे नाव तसेच ठेवले, परंतु चाल अंगाने वेगळी केली. निर्माते टोनी कॅमिलो यांच्याकडे ग्लॅडिस यांचा आग्रह असा की सोल गायक अल ग्रीन यांच्या गाण्यात असते तशी संथ तरीही पुढे सरकणारी लय हवी. आणि त्यापायी वाद्यमेळ पुन्हा बांधावा लागला. बास गिटार बॉब बॅबिट यांची आहे. मोटाउनच्या कितीतरी गाण्यांत हाच हात होता. हेडफोन लावून केवळ ती बास गिटार एकदा ऐकावी. गाडी स्टेशनातून हलते तेव्हा डब्याला जो पहिला हलका हिसका बसतो आणि मग लय लागते, तसेच ते आहे. २७ ऑक्टोबर १९७३ रोजी हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, दोन आठवडे तिथे राहिले आणि १९७४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला.

तेव्हा मूळ म्हणजे पहिले ध्वनिमुद्रण असे धरले तर ते वेदरली यांचे. गाडी आणि जॉर्जिया जिथे प्रथम आले ते मूळ म्हणाल तर ते सिसी यांचे. ग्लॅडिस यांचे तिसरे. माझे मत विचाराल तर सिसी ह्यूस्टन यांच्यावर या बाबतीत अन्याय झाला आहे. लोक त्यांना गायिका व्हिटनी ह्यूस्टनची आई म्हणून ओळखतात आणि या गाण्याला त्यांनी काय दिले ते विसरतात.

प्रतिसाद २ : निवृत्त गार्ड (भुसावळ)

मला संगीतातले फारसे कळत नाही, परंतु नोकरीची सगळी वर्षे मी गाड्यांमागच्या ब्रेकव्हॅनमध्ये काढली आहेत, म्हणून गाडीपुरते लिहितो. यावलकर भाऊंनी वर सिसीबाईंचे जे सांगणे दिले आहे त्यात मोठा अर्थ आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतून साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. वांशिक भेदाचे कायदे, झुंडीने होणाऱ्या हत्या, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणे आणि कापसाला लागलेली कीड, अशी त्याची कारणे. कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत किडीने घर कसे मोडते हे वेगळे सांगायला नको. यातली असंख्य माणसे रेल्वेने गेली. त्यांच्या घरांतून गाडी म्हणजे गाव सोडल्याची खूण होती. सिसीबाईंचा जन्म उत्तरेत न्यूअर्कचा, पण घराणे जॉर्जियाचे. त्या जेव्हा परतीच्या गाडीचे गाणे म्हणतात तेव्हा बापजाद्यांनी धरलेली वाट त्या उलटीकडून गातात. विमानाच्या तिकिटाला हा इतिहास नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसहून जॉर्जियाला थेट गाडी नव्हती. लॉस एंजेलिस ते न्यू ऑर्लिन्स हा टप्पा सुमारे ३,२०० किलोमीटरचा. ती गाडी अ‍ॅमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनीकडे होती आणि आठवड्यातून तीनच दिवस सुटत असे. नागपूरमार्गे आपली मुंबई-हावडा वाट सुमारे १,९७० किलोमीटरची आहे, यावरून कल्पना यावी. न्यू ऑर्लिन्सला उतरून अटलांटासाठी दुसरी गाडी धरायची. ती मात्र अ‍ॅमट्रॅकची नव्हती, सदर्न रेल्वे या वेगळ्या कंपनीची होती. म्हणजे निदान दोन-तीन रात्री वाटेत. विमानात बसलेल्या माणसाला विचार बदलायला सवडच मिळत नाही. गाडीतल्या माणसाला प्रत्येक स्टेशनावर उतरून परत फिरता येते. मी रात्रपाळीला असताना कुटुंबकबिल्यासह परतणारी माणसे पुष्कळ पाहिली आहेत. सुरतेहून येणारे, मुंबईहून येणारे. जाताना माणूस खिडकीशी भांडून जागा घेतो आणि परतताना दाराजवळ सामानावर बसतो. ताई, तुमच्या वहिनींनी वाटेतल्या एकाही स्टेशनावर विचार बदलला नाही. गाण्यातल्या बाईचे मोठेपण मला याच जागी दिसते.

तापीकाठची

गार्डकाका, आपला प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला की त्या रात्री तो खरोखरच दाराजवळ सामानावर बसला होता, आणि नाशिक गेल्यावर वहिनीने त्याला हाताला धरून आत आणले होते. आम्हाला पंचवीस वर्षांत हे ठाऊक नव्हते.

प्रतिसाद ३ : झीलकरी (धुळे)

मी शाहिरी पथकात झील धरतो, त्यामुळे या गाण्यात मला सर्वांत आधी पिप्स ऐकू येतात. वर त्यांचा उल्लेख नुसता नावापुरता झाला आहे म्हणून लिहायला बसलो.

पिप्स तिघे होते: ग्लॅडिसचा सख्खा भाऊ मेराल्ड, ज्याला सगळे बब्बा म्हणत, आणि एडवर्ड पॅटन व विल्यम गेस्ट हे चुलत-आते नात्यातले. १९५२ मध्ये बब्बाच्या वाढदिवसाला घरातल्या घरात गाताना हे पथक जमले आणि 'पिप' असे टोपणनाव असलेल्या आणखी एका भावावरून पथकाचे नाव पडले. म्हणजे हे गाणे कुटुंबाने गायलेले आहे, आणि ते ऐकू येते. ग्लॅडिस एक ओळ सोडते, ती पुरी व्हायच्या आत हे तिघे तिचे शेवटचे शब्द उचलतात. कधी तिला दुजोरा देतात, कधी ती जे बोलत नाही ते बोलतात, आणि मध्येच गाडीच्या शिट्टीचा आवाजही तोंडाने काढतात. पोवाड्यात शाहीर कथा पुढे नेतो आणि झीलकरी 'जी जी जी' करून त्याला श्वास घ्यायला जागा देतात, आमच्या खान्देशी वहीगायनातही मागच्यांचे काम असेच असते. परंतु पिप्स त्याच्या एक पाऊल पुढे जातात, कारण ते गावच्या माणसांसारखे वागतात. बाईने निर्णय सांगितला की चारचौघे जसे तोच शब्द पुन्हा उच्चारून खात्री करून घेतात, तसे. शेवटी ग्लॅडिस शब्द सोडून मोकळी गाऊ लागते, तेव्हाच्या उत्स्फूर्त वाटणाऱ्या ओळी बब्बा तिला हेडफोनमधून सुचवत होता. आमच्यात शाहीर अडला तर मागचा झीलकरी कानात शब्द टाकतो, त्यात आणि यात काडीचाही फरक नाही.

यातच सिसी ह्यूस्टन यांची गोष्ट मला जास्त लागते. त्या स्वतः झीलकरी होत्या. स्वीट इन्स्पिरेशन्स या त्यांच्या चमूने सोल गायिका अरीथा फ्रँकलिन यांच्या गाण्यांत मागे उभे राहून साथ केली, एल्विस प्रेस्ली यांनाही केली. मागे गाणारी बाई पुढे आली आणि तिने हे गाणे गायले, म्हणून तिच्या गाण्यात एक एकटेपण आहे. तिच्यामागून तिच्याइतक्याच ताकदीने कोणी झील धरत नाही. पुढे २०१४ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी मोठ्या गायिकांची गाणी एका अल्बमसाठी गायली, त्यात हे गाणे घेतले. जिच्या मागे सिसी उभ्या राहत, तीच बाई चाळीस वर्षांनी सिसींच्या गाडीत बसली.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. इंडिगो गर्ल्स या दोघींचे मैफिलीतले रूप १९९५ च्या संग्रहात आहे. दोघींचे आवाज आणि गिटार, आणि त्याही जॉर्जियाच्याच. जोन ऑस्बोर्न यांनी २००७ मध्ये आणि नील डायमंड यांनी २०१० मध्ये आपापल्या अल्बममध्ये ते घेतले. डायमंड यांचे मला हळवे वाटते पण पटत नाही. गाण्यातली शक्ती सांगणाऱ्या बाईत आहे आणि पुरुष हरलेला आहे. एकाच भारदस्त पुरुषी आवाजात दोघे आले की बाई दिसेनाशी होते.

ताई, घरी गाणार असाल तर एकट्याने गाऊ नका. दोन-तीन माणसे मागे हवीतच.

प्रतिसाद ४ : केळीची बाग (रावेर)

झीलकरी भाऊंचे बहुतेक सगळे मान्य आहे, परंतु पुरुषाने हे गाणे गाऊ नये असा जो सूर लागतो आहे तो मला मान्य नाही. हे गाणे मुळात एका पुरुषाने लिहिले आणि त्यानेच प्रथम गायले. शहरात गीतकार म्हणून धडपडणारे वेदरली त्या हरलेल्या माणसापासून फार लांब नव्हते. २०२२ मध्ये ग्लॅडिस नाइट यांचा वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलाकेंद्राच्या समारंभात सन्मान झाला, तेव्हा त्यांच्यासमोर गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाने हेच गाणे गायले. वेदरली यांनी ते कंट्री म्हणूनच लिहिले होते, म्हणजे पन्नास वर्षांनी ते आपल्या पहिल्या घरीही जाऊन आले. त्या प्रसंगाची चित्रफीत ऐकली तर पुरुषाच्या आवाजातही ही गोष्ट किती नम्रपणे सांगता येते ते लक्षात येईल.

शिकण्याविषयी माझी सूचना अशी आहे की आधी सिसी ह्यूस्टन यांचे गाणे पाठ करावे. तिथे शब्द स्वच्छ ऐकू येतात, गाणे कुठे वळते ते कळते आणि आवाजावर फार ताण येत नाही. ग्लॅडिस यांच्या शेवटच्या मोकळ्या भागाची नक्कल करायला गेलो की आपण गोष्ट विसरून गळा दाखवायला लागतो. तो भाग त्यांचा आहे. आपल्या जागी आपले शब्द यावेत.

तापीकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे गेले दोन आठवडे मी सिसी ह्यूस्टन यांचे गाणे रोज सकाळी ऐकले आणि लिहून काढले. त्यांच्या गाण्यात घाई नाही. बाईने ठरवून टाकले आहे, आता फक्त सांगायचे तेवढे उरले आहे, अशा रीतीने त्या गातात, आणि वहिनीचा स्वभावही असाच आहे. लय मात्र मी ग्लॅडिस यांची घेते आहे, कारण आमच्याकडे ढोलकी वाजवणारा माझा आतेभाऊ फार संथ लयीत झोपतो आणि ग्लॅडिस यांच्या लयीत त्याचा हात मोकळा होतो.

झील धरायला दोन भाचे आणि स्वतः भाऊ तयार झाले आहेत. भाऊ आधी नको म्हणत होता. झीलकरी भाऊंचा प्रतिसाद वाचल्यावर म्हणाला की ज्याच्याबद्दल गाणे आहे त्यानेच मागे उभे राहून त्या बाईच्या शब्दाला दुजोरा द्यावा, हे योग्य आहे. शेवटच्या मोकळ्या भागात इंग्रजी काही घेणार नाही. तिथे मी अहिराणीत एवढेच म्हणणार आहे: "रातनी गाडी, तो चालना गावले, मी बी चालनू त्याना संगे." वहिनी आता आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलते, तिला हे तत्काळ कळेल.

एक अडचण उरली आहे. पट्टी माझ्यासाठी जुळवली की भावाला झील फार खालून धरावी लागते आणि त्याचा आवाज ऐकूच येत नाही. धुळेकर भाऊ, आपण पथकात अशा वेळी काय करता ते कळवाल का? शनिवारी संध्याकाळी आमचा सराव आहे.

झीलकरी (धुळे)

त्यांना सप्तक बदलून वरून धरायला सांगा आणि ओळ पुरी म्हणू देऊ नका, शेवटचे दोन शब्द तेवढे द्या. ढोलकीवाल्याला त्या दोन शब्दांपुरता हात हलका ठेवायला सांगा. शनिवारी मी अमळनेरला नातेवाइकांकडे येतो आहे. आपली हरकत नसेल तर डफ घेऊन सरावाला येईन.